शब्दचर्चा : रोखे फंडातला ‘परतावा’ नेमका कोणता?

चर्चाप्रस्ताव

सामान्य गुंतवणूकदारांसाठी लिहिलेल्या एका माहितीपत्रकाचे मराठी तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यात एक वाक्य असे आहे : ‘हा फंड निश्चित परतावा देणाऱ्या रोख्यांमध्ये गुंतवणूक करतो.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात खोट नाही, आणि अर्थही ढोबळमानाने बरोबर आहे. तरीही मी ते मावशीला वाचून दाखवले तेव्हा तिने लगेच विचारले, “म्हणजे मुदत ठेवीसारखेच ना? मग मागच्या विवरणात माझा आकडा आधीपेक्षा कमी कसा झाला होता?”

मावशीने ‘निश्चित’ हे विशेषण फंडाला लावले. वाक्यात ते रोख्याचे, म्हणजे बाँडचे आहे. पण वाक्याची घडण अशी की, निश्चितपणा रोख्यापाशी संपतो आणि फंडापर्यंत पोहोचत नाही, हे वाचणाऱ्याला कुठेही कळत नाही. भर म्हणून ‘परतावा’ हा शब्द आपण किमान तीन गोष्टींसाठी वापरतो : रोख्यावर छापलेले व्याज, आजच्या बाजारभावाने तोच रोखा घेतला तर पडणारा दर, आणि फंडात ठेवलेल्या पैशांत एखाद्या काळात प्रत्यक्ष झालेली वाढ किंवा घट. सरकारकडून परत मिळणारा जादा भरलेला कर हाही ‘परतावा’च, तो वेगळाच. या तीन गोष्टींना तीन शब्द द्यावेत असे मला वाटते. जाणकारांनी सुचवावेत. ‘रोखे फंड’ हे नावही योग्य आहे का, यावरही मत हवे आहे.

प्रतिसाद १

आधी नावाविषयी. ‘रोखा’ हा शब्द मराठीत जुना आहे. दफ्तरी मराठीत तो लेखी चिठ्ठी, हुकूम या अर्थाने येतो आणि पुढे देण्याघेण्याच्या कागदाला चिकटतो. ‘कर्जरोखा’ म्हटले की कोणीतरी कर्ज घेतले आहे आणि ते फेडण्याचे वचन कागदावर आहे, एवढे सारे एका शब्दात येते. ‘बंधपत्र’ मूळ इंग्रजी ‘बाँड’ या शब्दातील बांधले जाण्याच्या अर्थाला अधिक जवळचे असले, तरी ते आपण जामिनाच्या किंवा नोकरीच्या अटीच्या कागदासाठी वापरतो, म्हणून येथे नको. ‘ऋणपत्र’ हे डिबेंचरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या एका प्रकारच्या कर्जाच्या कागदासाठी रूढ झाले आहे. ‘प्रतिभूती’ फार व्यापक आहे, कारण त्यात समभागही येतात.

राहिला ‘कर्ज फंड’. हा शब्द काही ठिकाणी छापलेला दिसतो आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. मराठीत ‘माझ्यावर कर्ज आहे’ असे म्हणणारा माणूस नेहमी देणेकरी असतो. त्यामुळे ‘कर्ज फंड’ वाचणाऱ्याला तो आपल्याला कर्ज देणारा फंड वाटतो, किंवा आपणच कर्जात पडू अशी शंका येते. खरे तर या व्यवहारात गुंतवणूकदार धनको असतो, रोखा काढणारे सरकार किंवा कंपनी ऋणको असते, आणि फंड हा हजारो धनकोंचे पैसे एकत्र करून अनेक ऋणकोंना देणारा मधला व्यवस्थापक असतो. ‘धनको’ आणि ‘ऋणको’ ही जोडी आपल्याकडे तयार असताना माहितीपत्रकांत ती दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते.

बोलताना सर्वजण ‘डेट फंड’ म्हणतात. देवनागरीत तो शब्द तारखेच्या ‘डेट’सारखाच दिसतो, ही गंमत इथे नोंदवून ठेवतो, कारण ज्या फंडाला मुदतपूर्तीची तारीख नसते त्याच्याच नावात तारीख दिसावी हा योगायोग पुढील चर्चेला उपयोगी पडेल.

प्रतिसाद २

प्रस्तावातील तीन अर्थ आकड्यांतून मांडले तर शब्द आपोआप सुचतील. समजा एका रोख्याची दर्शनी किंमत, म्हणजे मुदतीअखेर परत मिळणारी रक्कम, १०० आहे, मुदत १० वर्षे आहे आणि त्यावर दरवर्षी ६ व्याज मिळते. हे ६ कधी बदलत नाहीत. जुन्या काळी कागदी रोख्याला व्याजाच्या चिठ्ठ्या जोडलेल्या असत; ठरलेल्या तारखेला एकेक चिठ्ठी कापून द्यायची आणि व्याज घ्यायचे. ‘कापणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदातून ‘कूपन’ आले ते यामुळेच. मराठीत त्याला ‘छापील व्याज’ म्हणावे असे मी सुचवतो. ‘छापील किंमत’ हा शब्दप्रयोग आपण रोज ऐकतो, आणि ‘छापील’ म्हटले की ते बदलत नाही हेही कळते.

आता समजा, रोखा घेतल्यानंतर लगेच बाजारातील व्याजदर वाढले आणि तशाच पतीचे नवे दहा वर्षांचे रोखे ७ टक्के देऊ लागले. जुना ६ देणारा रोखा १०० ला कोण घेईल? त्याचा भाव उतरतो, आणि हिशेब केला तर तो सुमारे ९२.९८ वर येऊन थांबतो. त्या भावाला घेणाऱ्याला दरवर्षीचे ६ आणि शेवटी मिळणारे १०० मिळून बरोबर ७ टक्के दर पडतो. उलट बाजारदर ५ टक्के झाला असता, तर हाच रोखा सुमारे १०७.७२ ला गेला असता. छापील व्याज तेच, मुद्दल तेच, वेळापत्रक तेच, पण भाव मात्र खालीवर. इथे ७ टक्क्यांना काय म्हणायचे? वृत्तपत्रे ‘परतावा’ म्हणतात आणि मग ‘रोख्यांचा परतावा वाढल्याने रोख्यांचे भाव घसरले’ अशी वाक्ये छापली जातात, जी वाचून सामान्य माणूस चक्रावतो. परतावा वाढला तर आनंद व्हायला हवा, मग नुकसान कोणाचे झाले? या दराला ‘उत्पन्नदर’ म्हणावे, आणि ‘परतावा’ फक्त तिसऱ्या अर्थासाठी, म्हणजे हातात प्रत्यक्ष पडलेल्या वाढीसाठी किंवा घटीसाठी राखून ठेवावा.

प्रतिसाद ३

‘छापील व्याज’ आवडले. ‘उत्पन्नदर’ मात्र कोरडा वाटतो. ऊस गाळून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला आपण ‘उतारा’ म्हणतो, म्हणजे घातलेल्या मालातून किती निघाले ते. रोख्याला मोजलेल्या किमतीतून वर्षाला किती निघते, ही कल्पना अगदी तीच आहे. ‘रोख्याचा उतारा वाढला, भाव पडला’ हे वाक्य मला नैसर्गिक वाटते.

प्रतिसाद ४

शब्द देखणा आहे, पण जमिनीच्या कागदाचा उतारा, पुस्तकातला उतारा, विषावरचा उतारा आणि रस्त्याचा उतार एवढी गर्दी असताना आणखी एक अर्थ त्यात घालू नये. शिवाय ‘भाव उतरला’ आणि ‘उतारा वाढला’ एकाच वाक्यात आले की वाचणारा नक्की घसरेल. माझे मत ‘उत्पन्नदरा’ला.

मला यापेक्षा मोठी अडचण ‘मुदत’ या शब्दात दिसते. एकट्या रोख्याला मुदत असते. भाव मध्ये कितीही पडला, तरी ऋणको बुडाला नाही तर शेवटच्या दिवशी १०० परत मिळतात, आणि तोवर भावाकडे न पाहण्याची मुभा धनकोला असते. रोखे फंडाला, काही ठरावीक मुदतीच्या योजना सोडल्या तर, असा शेवटचा दिवस नसतो. त्यातील रोखे सरतात, विकले जातात, त्यांच्या जागी नवे येतात, आणि फंड चालूच राहतो. म्हणून ‘थांबलो तर मुद्दल पूर्ण मिळेल’ हे वाक्य रोख्याबद्दल खरे असले तरी फंडाबद्दल तसेच्या तसे खरे राहत नाही. मावशीबाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे असे की, फंडाचे निव्वळ मालमत्ता मूल्य (एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत) रोजच्या रोज बाजारभावाने काढले जाते. ‘विकले नाही तर तोटा नाही’ हा घरगुती नियम इथे चालत नाही, कारण त्याच दिवशी कोणीतरी फंडातून बाहेर पडत असतो आणि कोणीतरी आत येत असतो. पडलेला भाव लपवला, तर बाहेर जाणारा जास्त घेऊन जाईल आणि मागे राहिलेल्यांच्या पानात कमी पडेल.

आता रोख्यांच्या संदर्भात येणारा ‘ड्युरेशन’ हा शब्द. याचे भाषांतर सर्रास ‘कालावधी’ असे होते आणि तिथेच घोळ सुरू होतो. १९३८ मध्ये अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक मॅकॉले यांनी ही कल्पना मांडली. रोख्यातून येणारी प्रत्येक रक्कम किती वर्षांनी येते हे पाहायचे, तिच्या आजच्या मोलाइतके वजन त्या वर्षाला द्यायचे आणि सरासरी काढायची. वरच्या १० वर्षांच्या, ६ टक्क्यांच्या रोख्याची ही सरासरी ७.८ वर्षे येते, कारण मधली व्याजे आधीच हातात पडतात. मुदत १०, ड्युरेशन ७.८, दोन्हींना ‘कालावधी’ म्हटले तर काय उरते? मी ‘भारित वसुलीकाल’ हा शब्द सुचवतो. धनकोला आपले पैसे सरासरी किती काळात वसूल होतात, हे त्यात दिसते.

याच आकड्यावरून दर बदलल्यावर भाव किती हलेल याचा अंदाजही येतो. ७.८ ला १.०६ ने (१ अधिक ६ टक्के दर) भागले की ७.३६ येतात, म्हणजे दर ६ वरून ७ टक्के झाला तर भाव साधारण ७.४ टक्के पडेल. प्रत्यक्षात वरच्या उदाहरणात तो ७.०२ टक्के पडला. हा फरक भाव आणि दर यांच्यातील रेषा सरळ नसून वाकलेली असल्याने येतो, आणि ते वाकणे धनकोच्या फायद्याचे असते. तीन वर्षांच्या तशाच रोख्याचा भाव मात्र ९७.३८ पर्यंतच खाली येतो.

प्रतिसाद २ (पुन्हा)

‘वसुलीकाल’ मला पटला, आणि त्याला जोडून एक हिशेब देतो, कारण हा शब्द किती नेमका आहे हे त्यातून दिसते. दर ६ वरून ७ वर गेल्याने ज्याचे १०० आज ९२.९८ झाले, त्याने मधली सर्व व्याजे ७ टक्क्यांनीच पुन्हा गुंतवली, तर ७.८ वर्षांनी त्याच्याकडे सुमारे १५७.६ असतील. दर ६ वरच राहिला असता, तर तेवढ्याच काळात १५७.५ झाले असते. म्हणजे भावातील खड्डा वाढलेल्या व्याजाने जवळपास बरोबर वसुलीकालापाशी भरून निघतो. फंडाला हे जसेच्या तसे लागू होत नाही, कारण एकट्या रोख्याचा वसुलीकाल वर्षागणिक आटत जातो, तर फंडाचा व्यवस्थापक नवे रोखे घेऊन तो ठरलेल्या पट्ट्यात टिकवून ठेवतो, त्यामुळे खड्डा भरायला जास्त वेळ लागू शकतो. तरी ज्याला दोन वर्षांत पैसे हवे आहेत त्याने आठ वर्षांच्या वसुलीकालाच्या फंडात शिरू नये, एवढे या शब्दावरून कोणालाही समजेल. ‘दीर्घ कालावधी’वरून समजत नाही.

दर वाढून भाव पडण्याचे हेच २०२२ मध्ये घडले. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने एका वर्षात धोरणात्मक दर शून्याजवळून सव्वाचार ते साडेचार टक्क्यांच्या पट्ट्यात नेला, आणि तिथल्या उच्च पतीच्या रोख्यांचा व्यापक निर्देशांक सुमारे १३ टक्के पडला. त्यातील फार थोडे ऋणको बुडाले होते. पडले ते भाव.

प्रतिसाद ५

बुडण्याचा विषय निघाला म्हणून थोडक्यात. ‘सुरक्षित’ हे विशेषण रोखे फंडापुढे लावूच नये, कारण दर वाढण्याची जोखीम आणि ऋणको बुडण्याची जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी त्यात झाकल्या जातात. सरकारी रोख्यांच्या दीर्घ मुदतीच्या फंडात दुसरी जवळजवळ नसते आणि पहिली भरपूर असते. हलक्या पतीच्या कंपन्यांच्या अल्पमुदतीच्या फंडात नेमके उलटे. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली तेव्हा तिचे अल्पमुदतीचे कागद बाळगणाऱ्या रिझर्व्ह प्रायमरी या अमेरिकी फंडाचे एका डॉलरचे युनिट ९७ सेंटवर आले, आणि पैसे काढण्यासाठी रांग लागली. तिथे वसुलीकाल नगण्य होता. ‘पत’ आणि ‘पतमानांकन’ हे मराठी शब्द उत्तम आहेत, ते ठेवावेत. ‘डिफॉल्ट’साठी, म्हणजे ठरलेले देणे न फेडण्यासाठी मात्र ‘कसूर’ फार सौम्य आहे, ‘बुडवणे’ म्हणावे.

प्रस्तावकाचा खुलासा

सर्वांचे आभार. माहितीपत्रकातील एका वाक्याची आता तीन वाक्ये झाली आहेत, आणि संपादकांनी लांबीबद्दल कुरकुर केली तरी मी ती सोडणार नाही : ‘हा फंड आपल्या पैशांतून कर्जरोखे घेतो, म्हणजेच आपण धनको होता. रोख्यांवरील छापील व्याज ठरलेले असते, पण त्यांचे भाव बाजारातील उत्पन्नदरानुसार रोज बदलतात, म्हणून फंडाचा परतावा ठरलेला नसतो आणि तो उणेही असू शकतो. फंडाचा भारित वसुलीकाल जितका मोठा, तितका हा चढउतार मोठा.’

मावशीला हे वाचून दाखवले. ‘भारित’वर ती अडखळली, म्हणून माहितीपत्रकात नुसता ‘वसुलीकाल’ ठेवून ‘भारित’ तळटीपेत घालणार आहे. ‘उणेही असू शकतो’ इथे मात्र तिने मान हलवली, आणि आपल्या फंडाचा वसुलीकाल कुठे लिहिलेला असतो ते विचारले. तो बहुतेक फंडांच्या मासिक माहितीपत्रात दिलेला असतो. तिच्या फंडाचा साडेसहा वर्षांचा निघाला.