पारसिकचा कातळ सागरी कवचाचा आहे का?

प्रश्न (ऐरोली): पारसिक डोंगराचा काळा कातळ बेसाल्टचा (थिजलेल्या लाव्हाच्या खडकाचा) आहे आणि सागरी कवचही, म्हणजे समुद्राखालचा पृथ्वीचा सर्वात वरचा कठीण थरही, बेसाल्टचेच असते, मग आपण सागरी कवचावर राहतो का?

उत्तर (ठाणे): नाही. हा कातळ सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी खंडीय कवचावर (खंडांच्या भागातल्या अशाच थरावर) पसरलेल्या लाव्हाचा आहे. सागरी कवच मात्र अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग या पाण्याखालच्या पर्वतरांगेसारख्या ठिकाणी, दोन भूपट्ट (पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरकते प्रचंड तुकडे) एकमेकांपासून दूर सरकताना वर येणारा शिलारस थिजून तयार होते. त्याची जाडी साधारण ७ किलोमीटर, तर खंडीय कवचाची ३५ ते ४० असते.

उत्तर (वाशी): वयातला फरक मला अधिक विलक्षण वाटतो. सागरी कवच थंड व जड होऊन भूपट्टासह प्रावरणात (कवचाखालच्या तप्त खडकांच्या जाड थरात) बुडते, म्हणून २० कोटी वर्षांहून जुने सागरी कवच क्वचितच सापडते. हलक्या खंडीय कवचात मात्र ४०० कोटी वर्षांचे खडकही टिकून आहेत.