घोड्याच्या तोंडाचे गुण कापायचेच, तर आधी नाकपट्टा सैल करा

अश्वमित्र (धागाकर्ता):
2023 साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईच्या हृदय छेडाने ड्रेसाजचं, म्हणजे ठरलेल्या हालचाली घोड्याकडून अचूक करून घेण्याच्या खेळाचं, सांघिक सुवर्ण जिंकलं. तेव्हापासून आपल्याकडे हा खेळ आवडीने पाहणारे वाढलेत. त्यांच्याकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, घोड्याने जीभ बाहेर काढली तर गुण का कापतात?

नियम स्पष्ट आहे. जीभ बाहेर लोंबणं, ती बिटच्या (तोंडातल्या लगामाच्या दांडीच्या) वर घेणं, आत ओढून धरणं, दात करकरा चावणं ही बहुतेक वेळा ताणाची किंवा विरोधाची लक्षणं मानली जातात, आणि पंचांनी त्या त्या हालचालीच्या गुणांत ती धरायची असतात. इथवर माझं काही म्हणणं नाही.

राग आहे तो नाकपट्ट्याचा, म्हणजे घोड्याच्या नाका-जबड्याभोवती आवळतात त्या पट्ट्याचा. पट्टा करकचून आवळला की घोडा तोंड उघडूच शकत नाही. बिट टोचो, जीभ दबो, पंचाला दिसतं ते शांत, मिटलेलं तोंड. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेजारी नियमाप्रमाणे दोन बोटं जागा ठेवणारा प्रामाणिक स्वार असतो. त्याचा घोडा पिरुएटमध्ये (जागच्या जागी घेतलेल्या गिरकीत) क्षणभर तोंड उघडतो आणि दहापैकी सातचे साडेपाच होतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 750 स्पर्धक घोड्यांचे पट्टे मोजले होते. दोन बोटांची जागा फक्त 7 टक्क्यांकडे निघाली आणि 44 टक्के पट्ट्यांखाली मापाची पट्टीच सरकेना. अशा मैदानात ‘शांत तोंड’ बघून गुण देण्याला काय अर्थ आहे?

सी_अक्षराजवळून:
मी राष्ट्रीय स्तरावर पंच म्हणून बसते. तुमची कळकळ समजते, पण पट्टा तपासणं हे स्टुअर्डचं (स्पर्धेत नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्याचं) काम आहे, पंचाचं नाही. मला खुर्चीतून जे दिसतं त्याचे मी गुण देते. मे 2025 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नाकाच्या हाडावर मोजमापाचं साधन सरकवून पाहतात, दीड सेंटीमीटर जागा लागते. म्हणजे तुमचं अर्धं म्हणणं मान्य झालेलंच आहे.

आणि तोंड उघडलं की आम्ही डोळे मिटून गुण कापतो, असं कृपा करून समजू नका. बिट हलकेच चघळणारा, ओठांवर थोडा फेस असणारा घोडा मला आवडतो. संक्रमणात, म्हणजे चाल बदलताना, एकदा जबडा सुटला तर अर्धा गुण फार झाला. पण अख्खी पायाफ (जागच्या जागी ठेक्यातली दुडकी) तोंड वासून केली, तर ती हालचाल सातची कशी म्हणू? साठ मीटरच्या मैदानात जीभ एकाच बाजूला लोंबत असेल तर ती लांब बाजूंच्या मध्यावरच्या ई किंवा बी अक्षरापाशी बसलेल्या पंचाला दिसते, मला टोकाच्या सी वरून दिसतही नाही. गुणांत फरक पडतो तो त्यामुळे, पक्षपातामुळे नाही.

शिवाय पट्टाच नको म्हणणाऱ्यांसाठी: डेन्मार्कमध्ये तीन हजारांवर घोडे तपासले, तेव्हा ओठांच्या कोपऱ्यातल्या जखमा बिनपट्ट्याच्या घोड्यांत सर्वांत जास्त सापडल्या.

अश्वमित्र:
ताई, पट्टा काढा असं मी कुठे म्हटलं? सैल ठेवा म्हणतोय. डेन्मार्कच्या आकड्यावरून मला एवढंच दिसतं की दोष स्वाराच्या हातात असतो, पट्टा तो फक्त झाकतो. तुमचं ‘दिसतं त्याचे गुण’ हे सूत्र लपवणाऱ्याच्याच पथ्यावर पडतं.

रेसकोर्सचा_जुना:
दोघांनाही माझा विरोध आहे. आमच्या रायडिंग स्कूलमधले निम्मे घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले. शर्यतीत कित्येकांची जीभ पट्टीने खालच्या जबड्याला बांधतात, ती बिटवर चढू नये आणि श्वास अडू नये म्हणून. असा घोडा पुढे आयुष्यभर जीभेशी चाळा करतो. हात लोण्यासारखा मऊ असलेली चौदा वर्षांची मुलगी त्याच्यावर बसते आणि कोणा दुसऱ्याने लावलेल्या सवयीचे गुण तिचे जातात. हा न्याय आहे का? जुनी सवय आणि आजचा त्रास यांत पंचाने फरक करायलाच हवा.

सी_अक्षराजवळून:
सहा मिनिटांत घोड्याचा इतिहास कसा ओळखू? गुण त्या दिवशीच्या कामाला असतात. त्या मुलीबद्दल मला वाईट वाटतं, तरीही.

पशुवैद्य_कोल्हापूर:
‘सवय’ म्हणून सोडून देऊ नका, एवढ्यासाठी लिहितोय. तक्रार आली की मी आधी तोंड उघडून बघतो. दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गालाला आतून ओरखडे, पहिल्या दाढेच्या अगदी पुढे, बिटजवळ उगवलेला हरभऱ्याएवढा जादा दात (लांडगादात), हिरड्यांच्या मोकळ्या कडेवर जिथे बिट टेकतं तिथे सूज. बाहेरून यातलं काही दिसत नाही.

तोंड स्वच्छ निघालं तरी विषय संपत नाही. डॉ. स्यू डायसन यांनी स्वारीखालच्या घोड्याच्या वेदनेची 24 लक्षणं ठरवली आहेत. दहा सेकंद वा अधिक काळ तोंड उघडं ठेवणं आणि जीभ बाहेर काढणं दोन्ही त्यात आहेत. आठ किंवा जास्त लक्षणं एकत्र दिसली तर पाय-पाठ तपासा, कारण दुखणं बहुधा तिथे असतं. 2009 साली डेन्मार्कच्या ओडेन्समध्ये सरावाच्या वेळी एका घोड्याची निळी पडलेली जीभ जगाने व्हिडिओत पाहिली, तेव्हा अर्धा गुण कापायचा की एक, हा प्रश्न होता का? तो घोडा तिथल्या तिथे थांबवायला हवा होता.

अश्वमित्र:
डॉक्टर, मग माझी मागणी अशी: आपल्या राज्यातल्या स्पर्धांत फेरी संपताच मैदानाच्या फाटकात प्रत्येक घोड्याचा पट्टा मोजा. निवडक नको, प्रत्येकाचा. पट्टा घट्ट निघाला तर फेरी बाद.

रेसकोर्सचा_जुना:
याला माझं अनुमोदन. मोजमापाचं साधन काही मोठ्या खर्चाचं नाही.

सी_अक्षराजवळून:
साधन स्वस्त आहे, पण ते धरायला फाटकात प्रशिक्षित माणूस लागतो. जिल्हा पातळीवर एका स्टुअर्डकडे सराव-मैदान, फाटक आणि तबेला तिन्ही असतात. दुसरा स्टुअर्ड द्या, मी आयोजकांकडे स्वतः हा ठराव मांडते. तोवर उघड्या तोंडाचे गुण मात्र मी कापणारच.