पऱ्याचं खोलीकरण होतंय, चढणीच्या माशांचं काय होणार?

पऱ्याकाठचा
राजापूर तालुक्यातलं गाव आमचं, पऱ्या म्हणजे गावचा ओढा, तो पुढे अर्जुना नदीला मिळतो. यंदा पंचायतीकडे निधी आलाय, जेसीबी लावून पऱ्या सरळ आणि खोल करायचा, काठावरची झाडं काढायची आणि खाली एक सिमेंटचा बंधारा असं ठरतंय. मे महिन्यात विहिरी आटतात त्यामुळे पाणी अडवायला माझा विरोध नाही. पण मृगाचा पाऊस झाला की खालून मासे चढतात ते बंधाऱ्यावरून कसे येणार? ग्रामसभेत बोलायचंय, नुसतं पर्यावरण पर्यावरण म्हटलं तर लोक हसतील, काहीतरी ठोस सांगा.

पागवाला
चढणीचे मासे आता राहिलेत किती तेच बघ आधी. आमच्याकडे शिंगटी, मळ्याचे मासे पहिल्या पावसात खाचरात चढायचे, सगळे गाभोळीने म्हणजे अंड्यांनी फुगलेले. आणि आपण पाग (फेकायचं जाळं) घेऊन नेमके तेव्हाच उभे, म्हणजे अंडी घालायच्या आधीच कालवणात. समुद्रात जून-जुलैला यांत्रिक बोटींना बंदी असते, मग पऱ्याला पहिले आठ-पंधरा दिवस तरी गावाने सोडायला काय हरकत आहे. वर हल्ली पाण्यात विजेचा करंट लावतात नि ब्लिचिंग पावडर टाकतात, त्यात पिल्लं, खेकडे, किडे सगळंच साफ. ते बंद करा आधी, मग बंधाऱ्याला नावं ठेवा.

सह्याद्री_भटका
पागवाल्याचं बरोबर आहे पण जेसीबी त्याहून वाईट, कारण मारलेले मासे दोन-तीन वर्षांत परत येतील पण कोंड म्हणजे पात्रातला खोल डोह बुजला किंवा सपाट झाला की परत येत नाही. उन्हाळ्यात पऱ्या तुटतो तेव्हा सगळं जिवंत राहतं ते कोंडातच, तिथूनच पुढच्या पावसात मासे पसरतात. सरसकट खोल केलं तर वाहतं पाणी दिसेल पण कुठेच लपायला जागा नाही, मोठे दगड नाहीत, आणि पाणी जोरात पळून जातं म्हणजे विहिरीलाही फायदा नाही. काठावरचे करंज, उंबर, जांभूळ तोडाल तर सावली जाईल, पाणी तापेल, काठ ढासळून गाळ येईल आणि मग परत गाळ काढायला निधी. पात्रात शेरणीची झुडपं असतील तर ती तर अजिबात उपटू नका, तिच्या मुळांनी दगडगोटे धरून ठेवलेले असतात.

आणि सगळे मासे चढून अंडी घालतात असंही नाही हां, अहीर (सापासारखा लांब मासा) उलटा आहे, तो अंडी घालायला समुद्रात जातो नि त्याची पिल्लं खाडीतून नदीत वर येतात. भिंत दोघांनाही आडवी येते.

रोखठोक_राजापूरकर
सगळं खरं, पण हंडा घेऊन मैलभर चालणाऱ्या बाईला अहीर सांगून बघा जरा. शहरात बसून माशांची काळजी करणं सोपं असतं.

सह्याद्री_भटका
मी शहरात नाही दादा, मंडणगडात आहे. आणि पाणी अडवूच नका असं कोण म्हणतंय? सिमेंटच्या पिशव्यांत माती भरून वनराई बंधारा घाला, पाऊस संपता संपता घालायचा आणि मे अखेर काढून टाकायचा, जवळपास फुकट होतो. पक्काच हवा असेल तर बरगे म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या काढता येतील असा करा, आणि पावसाळ्याआधी ते खरंच काढा, कुणाची तरी जबाबदारी ठरवा नाहीतर गंजून तिथेच बसतात. बंधाऱ्याच्या खाली सरळ उंच उडी ठेवू नका, दगडांचा उतार रचा, छोटा मासा चढू शकतो.

मालवणी_आजोबा
देवाचं नाव लावा, लोक ऐकतात. महाड तालुक्यात वाळण कोंडाला वरदायिनीच्या देवळाखाली काळ नदीत महाशीर मासे आहेत, कोणी हात लावत नाही. वाडा तालुक्यात तिळसेश्वराकडे वैतरणेतही तसंच. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी २०२० साली नवीन मुरी मासा नोंदला गेला आणि पुढच्या वर्षी ती जागा सरकारने जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आमच्या व्हाळातही (ओढ्यातही) एक कोंड देवाचा म्हणून सोडलाय, ना कायदा लागला ना पोलीस.

पागवाला
आजोबा, देवाला भिणारे आता कमी झालेत हो, करंटवाले रात्रीचे येतात.

पंचायत_जवळून
प्रश्नकर्त्याला कामाचं सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, बहुतेक गावांत कागदावर असतेच. लोक जैवविविधता नोंदवही मागवून बघा, पऱ्यातले मासे लिहिलेत का. नसतील तर म्हाताऱ्या माणसांना विचारून यादी भरा, ती ग्रामसभेत ठेवा आणि ठरावातच लिहून घ्या: हा हा कोंड खोलीकरणातून वगळला, काठापासून इतक्या फुटांत झाड तोडायचं नाही, बंधारा बरगेवाला. अंदाजपत्रक तयार व्हायच्या आधी बोला, एकदा ठेकेदाराला काम मिळालं की जेसीबीवाला तासावर पैसे मोजतो, तो कोंड बघत थांबणार नाही.

पऱ्याकाठचा
नोंदवही आहे असं ग्रामसेवक म्हणाले, कपाटात. सोमवारी बघायला जातोय, आणि आमच्या पऱ्यात शेरणी कुठे कुठे आहे ते फोटो काढून टाकतो इथे, ओळख पटवून द्या.