पाद्र्यांचा तपकिरी अंगरखा परत आला ते बरं झालं, की निळाच बरा होता?

मिशनव्हॅलीकर

मागच्या मोसमात एका शुक्रवारी बेसबॉलचा सामना बघायला सॅन दिएगोच्या पेटको पार्कला गेलो होतो. पुढच्या रांगेत एक आजोबा आणि त्यांचा नातू. आजोबांच्या डोक्यावर जुनी तपकिरी टोपी, कडेला घामाच्या मिठाची पांढरी रेघ धरलेली. कितीही धुतली तरी ती जाणार नाही, आणि आजोबा ती घालवणारही नाहीत. मैदानात आमचा संघ उतरला तो पांढऱ्या जर्सीत, एक बाही गुलाबी, दुसरी पुदिन्याच्या चटणीसारखी. आजोबांनी नातवाला विचारलं, "यातले आपले कुठले?"

मी हसलो, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून हा धागा.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. सॅन दिएगोच्या संघाचं नाव पाद्रेज. आपण मराठीत 'पाद्री' म्हणतो तोच शब्द. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला, इथे स्पॅनिशांबरोबर. १७६९ साली फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी इथे कॅलिफोर्नियातलं पहिलं मिशन उभारलं, त्यावरून हे नाव. बरोबर दोनशे वर्षांनी, १९६९ मध्ये, संघ मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमध्ये, आला. रंग घेतला पाद्र्यांच्या झग्याचा, म्हणजे तपकिरी, आणि जोडीला पिवळा. चिन्ह म्हणजे बॅट फिरवणारा गुटगुटीत फ्रायर, म्हणजे झगेवाला पाद्री.

दिसायला सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. १९७२ मध्ये तर डोक्यापासून पायापर्यंत मोहरीसारखा पिवळा पोशाख होता. टाको विकणाऱ्या दुकानातल्या पोऱ्यांचे कपडे म्हणून लोकांनी यथेच्छ टिंगल केली. टिंगलीला कंटाळून म्हणा किंवा टोप्या खपाव्यात म्हणून म्हणा, १९८५ मध्ये पिवळा गेला आणि १९९१ मध्ये तपकिरीही. मग गडद निळा-नारिंगी, २००४ मध्ये नव्या मैदानाबरोबर निळा आणि वाळूचा रंग, पुढे नुसताच निळा-पांढरा. मधली कित्येक वर्षं चाहते "तपकिरी परत आणा" म्हणून मागे लागले होते. अखेर ९ नोव्हेंबर २०१९ ला संघाने ते जाहीर केलं. आणि नशीब बघा, २०२० चा मोसम आला तो करोनाचा. साठ सामने, तेही रिकाम्या खुर्च्यांपुढे. ज्या रंगासाठी लोक इतकी वर्षं भांडले, तो आधी टीव्हीवरच बघावा लागला.

माझं मत सरळ आहे. आमच्या कपाटात वर्ल्ड सिरीजची, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम लढतीची, एकही ट्रॉफी नाही. दोनदा अंतिम फेरी गाठली, दोनदा हरलो. अशा संघाकडे स्वतःचं म्हणावं असं काय आहे? रंग. तो एकदा हाती आलाय तर आता शुक्रवारी गुलाबी, रविवारी लष्करी छापाचं, बाहीवर जाहिरात, हे कशाला?

घंटानाद५१

असहमत. आणि जरा रागानेच असहमत.

मी १९९७ मध्ये इथे आलो. एका खोलीत तिघं राहायचो, गाडी नव्हती. ज्या व्हॅलीच्या नावाने तुम्ही आयडी घेतलाय तिथल्या जुन्या स्टेडियममध्ये ट्रॉलीने (इथली शहरी रेल्वे) जायचो. १९९८ मध्ये आम्ही वर्ल्ड सिरीजला गेलो. न्यूयॉर्कच्या यांकीजने चार-शून्य धुतलं, ते सोडा. आमचा गोलंदाज ट्रेव्हर हॉफमन शेवटच्या, नवव्या डावात घंटेच्या ठोक्यांवर धावत यायचा तेव्हा साठ हजार लोक उभे राहायचे, आणि त्याच्या अंगावर निळा होता. माझ्यासाठी हे शहर म्हणजे तो निळा. २०१९ मध्ये सगळे "घरवापसी, घरवापसी" म्हणून नाचत होते तेव्हा माझ्या कपाटातल्या त्याच्या ५१ नंबरच्या जर्सीचं एका रात्रीत जुनेर झालं. स्टेडियम तर त्यांनी पाडलंच.

तुम्हीच पूर्वी लिहिलंय की तुम्ही २००९ मध्ये आलात. म्हणजे पहिली दहा वर्षं तुम्हीही निळ्यालाच टाळ्या वाजवल्या. नव्या सुनेला कुळाचाराची हौस फार, तसं झालंय तुमचं. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

आणि "पाद्र्यांचा रंग" म्हणता, तर हे शहर आज कोणाचं आहे? बंदरात नौदलाच्या युद्धनौका उभ्या असतात, रविवारच्या सामन्याला मरीनचे रिक्रूट रांगेने येऊन वर बसतात. तुम्ही ज्याला नाकं मुरडताय तो लष्करी छापाचा पोशाख त्यांच्यासाठी आहे आणि पाद्रेज २००० सालापासून तो घालतायत. गडद निळा हा या गावाचाच रंग आहे.

राहिला आपला फलंदाज टोनी ग्विन, ज्याला सगळे 'मिस्टर पाद्रे' म्हणतात. फलंदाजीचे आठ किताब. १९८४, ८७, ८८, ८९ हे चार तपकिरीत. ९४, ९५, ९६, ९७ हे चार निळ्यात. आता सांगा मिस्टर पाद्रे कोणाचा?

सलामीवीर

घंटानाद यांच्याशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). आपल्या भारताच्या क्रिकेट टीमने २०१९ च्या वर्ल्डकपात एजबॅस्टनला भगवी जर्सी घातली, ३१ धावांनी हरली आणि पुढे चार दिवस लोक जर्सीलाच शिव्या देत होते. जिंकलो असतो तर तीच जर्सी दिवाळीत विकत घेतली असती.

जर्सीकर

आयडीवर कोटी करू नका, मी न्यू जर्सीत राहतो, गाईचा संबंध नाही.

यांकीज चाहता म्हणून पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. १९१५ पासून घरच्या मैदानावर त्याच बारीक रेघा. पाठीवर नाव नाही, कारण संघ खेळाडूपेक्षा मोठा. सिटी कनेक्ट म्हणून, तुमच्या त्या गुलाबी-पुदिन्यासारख्या शहराशहराच्या खास जर्सींचा, जो रंगांचा शिमगा चाललाय त्यातही आम्ही नाही. ज्यांना आपण कोण ते ठाऊक असतं त्यांना दर दहा वर्षांनी शिंप्याकडे जावं लागत नाही.

मिशनव्हॅलीकर

@जर्सीकर, २०२० पासून तुमच्या त्या पवित्र रेघांवर छातीवर नायकीची खूण आहे. २०२३ पासून बाहीवर विमा कंपनीची पट्टीही आहे. सोवळ्याला ठिगळ लागलं हो.

@घंटानाद, ग्विनचा हिशोब मान्य. चार-चार. तो मुद्दा मी मागे घेतो आणि सुनेचा टोमणाही घेतो, खोटा नाही. पण निळ्याचं एक सांगा. यांकीज निळे, रेड सॉक्स निळे, ब्रेव्हज निळे, ट्विन्स निळे, ब्रूअर्स निळे, रेज निळे. आणि ज्यांचं नाव काढलं की आपल्या तोंडाला फेस येतो ते लॉस एंजेलिसचे डॉजर्स, तेही निळेच (छटा वेगळी, पण वरच्या मजल्यावरून कोणाला कळतं?). तपकिरी हा मुख्य रंग असलेला मेजर लीगमध्ये दुसरा एकही संघ नाही. विमानतळावर तपकिरी टोपी दिसली की अनोळखी माणसालाही मान हलवून ओळख देता येते. तुमच्या निळ्या टोपीने तसं व्हायचं का?

घंटानाद५१

व्हायचं. टोपीवर एस आणि डी ही अक्षरं होती. मला वाचता येतं.

वसईचा_वारा

दोघांच्याही आगीत थोडं तेल. माझं लहानपण वसईत गेलं. किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या चर्चचे अवशेष आहेत, आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. झगेवाले पाद्री आमच्यासाठी रोजचे.

तर गंमत अशी की जुन्या काळच्या फ्रान्सिस्कनांचा झगा राखाडी असायचा. कॅलिफोर्नियाची मिशन्स उभारणारे हुनिपेरो सेर्रा आणि त्यांचे साथीदार तपकिरीत नव्हे, राखाडीत वावरत. तपकिरी सरसकट झाला तो खूप पुढे. म्हणजे इतिहासाला धरून चालायचं तर पाद्रेज परगावी जाताना जो राखाडी घालायचे तोच खरा अंगरखा! तपकिरी १९६९ चा, निळा १९९१ चा. तुमची "परंपरा" फक्त बावीस वर्षांनी थोरली.

आणि १७६९ चा उल्लेख केलात म्हणून. ते मिशन १७७५ मध्ये तिथल्या कुमेयाय लोकांनी जाळलं होतं. उगाच नाही जाळलं. झग्याच्या रंगाबद्दल त्यांचं मत कोणी विचारलेलं नाही, आणि गुटगुटीत फ्रायर सगळ्यांनाच गोड दिसतो असं नाही.

जर्सीकर

+१ शेवटच्या परिच्छेदाला. क्लीव्हलँडच्या संघाने तर २०२२ पासून नावच बदललं, इंडियन्सचे गार्डियन्स झाले. चाहते वर्षभर ओरडले.

शिंपीण

तुम्ही सगळे रंगावरून भांडताय, कापडाकडे कोणाचंच लक्ष नाही. मी घरी बदल-दुरुस्तीची शिलाई करते, त्यामुळे या जर्सी माझ्या हातात येतात.

माझ्याकडे सध्या दोन आहेत. एक जुनी निळी, एक २०२४ ची तपकिरी. जुनीवरची अक्षरं जाड ट्विलची, एकावर एक दोन थर, कडेने दाट झिगझॅग शिवण. बोट फिरवलं की उंचवटा लागतो. उसवायची म्हटलं तर अख्खी दुपार जाते. २०२४ च्या जर्सीवरची अक्षरं हलकी, भोकाभोकांची. आणि पाठीवरचं नाव इतकं बारीक केलं होतं की माझ्या गिऱ्हाइकाने हौसेने 'देशपांडे' लिहून घेतलेलं ते कॉलरला लावलेल्या लेबलासारखं दिसतं. त्याला वाटलं दुकानाने फसवलं. फसवलं नव्हतं, त्या साली मैदानावरच्या खेळाडूंचीही नावं तशीच होती. पँटी इतक्या पातळ की आत खोचलेल्या शर्टाच्या कडा बाहेरून दिसत. परगावच्या राखाडी शर्टावर घामाचे नकाशे. खेळाडूंच्या संघटनेने जाहीर तक्रार केली आणि २०२५ साठी मोठी अक्षरं परत आली.

नायकीचं म्हणणं, कापड हलकं आहे, ताणलं जातं, लवकर वाळतं. पळणाऱ्या माणसासाठी ते खोटंही नसेल. पण विकत घेणारा माणूस पळत नाही हो. तो खुर्चीत बसून नाचो खातो. त्याला हाताला वजन लागायला हवं. रंग कुठलाही द्या, अक्षरं शिवलेली द्या.

चुलाव्हिस्ताची_आई

गुलाबी-पुदिन्यावर सगळ्यांनी तोंडसुख घेतलं, आता मी बोलते.

आम्ही सीमेपासून दहा-पंधरा मिनिटांवर राहतो. माझ्या मुलीच्या वर्गातली निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलतात, काहींचे आजी-आजोबा सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनात. स्टेडियममध्ये सीमेपलीकडून सामन्याला आलेली कुटुंबं नेहमी भेटतात. २०२२ मध्ये ती जर्सी आली तेव्हा सांगितलं होतं की रंग या किनाऱ्याचे आणि बाहाचे (सीमेपलीकडचा मेक्सिकोचा भाग), दोन्हीकडचे. मला ते विक्रीचं बोलणं वाटलं. पण जर्सी बघून मुलीची मैत्रीण म्हणाली, "हे माझ्या आजीच्या गल्लीतल्या भिंतींचे रंग आहेत." त्या पोरीला तपकिरी टोपीने असं कधी वाटलं नव्हतं.

मिशनव्हॅलीकर, तुम्हाला जे तपकिरीत मिळतं तेच तिला तिथे मिळालं. आजोबांना "आपले कुठले" हा प्रश्न पडला असेल, पण नातवाला पडला नव्हता ना? त्याने काय उत्तर दिलं ते तुम्ही लिहिलंच नाही.

मिशनव्हॅलीकर

पकडलंत. नातू म्हणाला, "आबा, गुलाबीवाले." आणि तो स्वतः गुलाबी टोपी घालून बसला होता. मुद्द्याला सोयीचं नव्हतं म्हणून गाळलं.

ठीक, शुक्रवार सोडून दिला. भिंतींच्या रंगाचं मला सुचलं नव्हतं, खरंच. रविवारचंही घंटानादांना दिलं. पण जाहिरातीच्या पट्टीवर मी हटणार नाही. मेजर लीगमध्ये जर्सीवर जाहिरात विकायचा करार सर्वांत आधी आपल्याच संघाने केला, मोबाइल कंपनीशी, आणि २०२३ पासून ती बाहीवर आली. कुठल्या बाहीवर, ते बघा एकदा. खेळाडू उजव्या हाताने फलंदाजी करत असेल तर डाव्या, डावखुरा असेल तर उजव्या. का? चेंडूची वाट बघत उभा असताना जो दंड कॅमेऱ्याकडे असतो, त्यावर पट्टी हवी. माणूस कसा उभा राहतो ते बघून जागा विकलीय.

त्याच्या पुढच्याच वर्षी मालक पीटर साइडलर यांच्या आठवणीत जर्सीवर 'पीएस' अक्षरांचं छोटं हृदय लावलं होतं. ते बघून स्टेडियममध्ये लोक डोळे पुसत होते. तीही पट्टीच. दोन्ही एकाच मोसमात, एकाच शर्टावर. मला तरी त्या शर्टाकडे सरळ बघता येत नव्हतं.

सलामीवीर

आपल्या क्रिकेटर्सच्या छातीवर इतकी वर्षं जाहिरात असते, देशाच्या नावाच्या वर. सवय होते.

शिंपीण

जाहिरातीची पट्टी उसवता येते. मी केलंय एका गिऱ्हाइकासाठी. खाली शिवणीची भोकं राहतात, दोन धुण्यांत बुजतात.

घंटानाद५१

शिंपीणताई, माझ्या ५१ च्या पाच आकड्याची खालची कड सुटलीय. टाकाल का टाके? निळा दोराच हवा.

शिंपीण

पाठवा. निळा दोरा आहे. जुनी निळी जर्सी म्हटली ना, ती माझ्या नवऱ्याची.

मिशनव्हॅलीकर

जाता जाता एक अडाणी प्रश्न. पांढऱ्या जर्सीवर मिसळीच्या तर्रीचा डाग पडलाय, तपकिरी रेघांच्या बरोबर मधोमध. काही उपाय?

शिंपीण

आधी भांड्यांचा साबण, मग उन्हात. पुढच्या वेळी मिसळीला पूर्ण तपकिरी घालून बसा, डाग दिसत नाही.

घंटानाद५१

निळ्यावरही दिसत नाही.