नवीन घरासाठी किती किलोवॅटची वीजजोडणी मागावी?

प्रश्न (लातूर)
लातूर शहराच्या हद्दीलगत अर्ध्या एकराच्या अकृषिक भूखंडावर आम्ही घर बांधत आहोत. स्लॅब झाला असून आता भिंतींतील पाइपांचे काम सुरू होईल. वायरिंगच्या ठेकेदाराने सर्व उपकरणांची बेरीज १३ किलोवॅट काढून १५ किलोवॅटची थ्री फेज जोडणी सुचवली आहे. शेजाऱ्यांच्या मते सिंगल फेजवर भागते. दीड टनाचे दोन एसी, दोन गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि ५५० फूट खोल बोअरवरची ३ एचपीची सबमर्सिबल मोटार असा मुख्य भार आहे. मीटर फाटकाजवळ बसेल आणि घर तेथून ६० मीटर आत आहे. किती भार मागावा आणि खर्च नेमका कोठे वाढतो, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (निवृत्त विद्युत अभियंता, छत्रपती संभाजीनगर)
ठेकेदाराची बेरीज चूक नाही, पण ती जोडलेल्या भाराची आहे. मागणी मात्र एका वेळी प्रत्यक्ष चालणाऱ्या भाराची करावी. मे महिन्यात दोन्ही एसी, मोटार, फ्रिज आणि दिवे-पंखे मिळून साधारण साडेसात किलोवॅट होतात; डिसेंबरच्या सकाळी दोन गिझर, मोटार आणि किरकोळ भार मिळून आठ. एसी आणि गिझर एकत्र चालण्याचे दिवस आपल्याकडे जवळपास नसतातच.

सिंगल फेजवर साधारण ४० अँपिअरपर्यंतच पुरवठा मिळतो. आठ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ३५ अँपिअर, म्हणजे आपण काठावर आहात. त्यातही खरा प्रश्न मोटारीचा आहे. ३ एचपीची सिंगल फेज मोटार चालू असताना १८ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते आणि सुरू होताना त्याच्या चौपट-पाचपट. तेवढ्या क्षणी दिवे मंदावतात आणि संध्याकाळी आधीच व्होल्टेज पडलेले असेल तर मोटार उचलतच नाही. हीच मोटार थ्री फेजवर सहा-सात अँपिअरमध्ये चालते.

केबलचा हिशेबही याच बाजूने झुकतो. ६० मीटरवर १० चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमधून सिंगल फेजचे ४० अँपिअर नेल्यास जाता-येता मिळून सुमारे ९ व्होल्ट पडतात. थ्री फेजमध्ये भार तिन्ही फेजांवर समान वाटला, तर १६ चौरस मिलिमीटरच्या चार कोअर ॲल्युमिनियम आर्मर्ड केबलमध्ये ही घट जेमतेम दीड व्होल्ट राहते, आणि ॲल्युमिनियम स्वस्तही पडते. म्हणून थ्री फेज घ्यावे, पण १० किलोवॅटच्या आत. त्यापुढे घरगुती थ्री फेज ग्राहकाला दर १० किलोवॅटच्या टप्प्यामागे अतिरिक्त स्थिर आकार लागतो. १५ मागून तो दरमहा भरत राहण्यात अर्थ नाही.

उत्तर (परभणी)
अभियंतासाहेबांशी मी अंशतः असहमत आहे. थ्री फेजचा मूळ स्थिर आकारच सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो. बोअरचे पाणी वर असेल आणि दीड एचपीची मोटार पुरत असेल, तर ती टायमरने दुपारी चालवावी. मग सिंगल फेज पुरेशी आहे. शिवाय एखादा फेज गेल्यास थ्री फेज मोटार जळते, त्यामुळे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचा खर्च धरावाच लागतो.

उत्तर (बीड)
आधी आपली लाइन गावठाण फीडरवर (वस्तीला वीज देणाऱ्या वाहिनीवर) आहे की कृषी फीडरवर (शेतीपंपांच्या वाहिनीवर), हे लाइनमनकडून पक्के करून घ्यावे. कृषी फीडरवर थ्री फेज पुरवठा ठरावीक तासच असतो, त्यामुळे तेथे वरील सारा हिशेब निरुपयोगी ठरतो. शेतीपंपाच्या जोडणीवर घर चालवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. खर्चाचा मोठा आकडा बहुधा मीटरच्या अलीकडे असतो: नवे खांब किंवा डीपी (रोहित्र) लागणार असेल तर ते महावितरणच्या खर्चाने होणार की आपण डीडीएफमधून, म्हणजे ग्राहकाने स्वखर्चाने उभारायच्या स्वतंत्र वितरण सुविधेतून, करून घेणार, हे कोटेशन भरण्यापूर्वी लेखी विचारावे. अनामत रक्कम वेगळी असते. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवालही अर्जासोबत लागतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पाण्याची पातळी खाली असल्याने मोटार ३ एचपीचीच राहील, त्यामुळे ८ किलोवॅट थ्री फेज मागतो. पुढे छतावर सौर पॅनेल बसवायचे आहेत. त्यासाठी भार आताच वाढवून घ्यावा का?

उत्तर (निवृत्त विद्युत अभियंता)
गरज नाही. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या सौर संचाचा अर्ज तांत्रिक तपासणीविना मंजूर मानला जातो आणि आवश्यक तेवढा मंजूर भारही वाढवून दिला जातो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यापुढील संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. आता फक्त गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवा. नंतर भिंत फोडणे महागात पडते. अर्थिंगमध्ये मात्र काटकसर नको. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि रोध वाढतो, म्हणून खड्डा ओलावा टिकेल अशा जागी, पाणी घालता येईल असा घ्यावा, आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल चुकते करू नये.