शिकागोचा उन्हाळा आणि पाण्याकाठची भटकंती : तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

मे संपत आला की या शहरातल्या माणसांची चाल बदलते. नोव्हेंबरपासून कानटोप्या ओढून, मान खाली घालून झपाझप जाणारे लोक रेंगाळायला लागतात, अनोळखी माणसाकडे बघून हसतात. मेमोरियल डे (मेचा शेवट) ते लेबर डे (सप्टेंबरची सुरुवात) एवढाच काय तो हक्काचा उन्हाळा. त्यातली एकही संध्याकाळ घरात बसून घालवू नये, असं मला मनापासून वाटतं.

शिकागोची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे इथला मिशिगन तळ्याचा काठ सगळ्यांचा आहे. 1836 साली शहराचा नकाशा आखताना इथला कालवा खोदण्यासाठी नेमलेल्या कमिशनरांनी आजच्या ग्रँट पार्कच्या जागेवर लिहून ठेवलं होतं की ही जमीन सार्वजनिक, इथे कधीही इमारत वा अडथळा येऊ नये. पुढे तिथे बांधकामांचे बेत सुरू झाले, तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड हा व्यापारी कोर्टात गेला आणि 1890 ते 1911 अशी वीसेक वर्षं चिवटपणे लढला. दरम्यान 1909 मध्ये बर्नहॅम आणि बेनेट या नगररचनाकारांचा शहरासाठीचा आराखडा आला आणि त्याने सगळा किनाराच लोकांचा मानला. म्हणून आज उत्तरेला आर्डमोर अव्हेन्यूपासून दक्षिणेला 71व्या रस्त्यापर्यंत, सुमारे 18 मैल, पाण्याच्या कडेने चालता येतं. तिकीट नाही, फाटक नाही.

तर लिहा. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या कुठेही मिळतात. मला तुमची वाट, तुमची वेळ, तुमचा आवडता कार्यक्रम ऐकायचा आहे. नव्याने आलेल्यांनी प्रश्नही जरूर विचारावेत.

* * *

मी शहराच्या दक्षिण भागात, हाइड पार्कमध्ये शिकते. मुंबईत वाढल्यामुळे सूर्य पाण्यात बुडतो हे डोळ्यांत पक्कं बसलेलं. इथे तळं पूर्वेला, त्यामुळे सूर्य पाण्यातून वर येतो. जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास. त्यासाठी उठणं जिवावर येतं, पण एकदा प्रोमोंटरी पॉइंटवर पोचलं की झोप गेल्याचं काही वाटत नाही.

55व्या रस्त्याच्या शेवटी लेक शोर ड्राइव्हखालून भुयारी वाट आहे. पलीकडे गेलं की हिरवळ, आणि तिला वेढणारी चुनखडीच्या मोठाल्या दगडांची उतरंड थेट पाण्यात गेलेली. आल्फ्रेड कॉल्डवेल या उद्यानकाराने ही जागा 1930 च्या दशकात घडवली. पुढे हे दगड काढून काँक्रीटचा काठ बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हा आजूबाजूच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं विरोध केला. दगड अजून जागेवर आहेत. त्यावर बसून मी परीक्षांचा अभ्यास केला आहे, त्यामुळे त्या लोकांविषयी मला कृतज्ञता वाटते. वेळ असेल तर तसंच दक्षिणेला जॅक्सन पार्कात जावं. 1893 चं जागतिक प्रदर्शन तिथे भरलं होतं. तिथल्या बेटावरच्या जपानी बागेत भर दुपारीही गारवा असतो.

* * *

एक छोटी सूचना. घराजवळ घामाच्या धारा लागल्या असतील तरी काठावर जाताना पातळ जॅकेट सोबत ठेवाच. एवढं मोठं पाणी तापायला फार वेळ लागतो, जूनमध्येही ते गारठलेलंच असतं. वारा फिरून पाण्यावरून यायला लागला की थोड्या वेळात तापमान धाडकन उतरतं. हवामानाच्या बातम्यांत रोज 'कूलर बाय द लेक' म्हणतात ते याचसाठी. आणि पोहायचं असेल तर आधी बीचवरचा झेंडा बघा. लाल असेल तर पाण्यात पाऊल टाकू नका. समुद्र नाही म्हणून या तळ्याला हलकं समजू नये, ओढ फार जोरकस असते.

* * *

आमच्या घरी उन्हाळा म्हणजे ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल. 1935 पासून चालू आहे, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, आणि हिरवळीवर बसायला एक पैसा लागत नाही. मंदीच्या दिवसांत लोकांना आणि वादकांनाही आधार म्हणून सुरू झालेली गोष्ट आजही तशीच खुली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

2004 पासून मैफली मिलेनियम पार्कातल्या प्रिट्झकर पॅव्हिलियनमध्ये होतात, बहुतेक बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी. फ्रँक गेरीने रचलेलं व्यासपीठ समोर, आणि डोक्यावर पोलादी नळ्यांची विशाल जाळी. स्पीकर त्या जाळीला टांगलेले आहेत, त्यामुळे हिरवळीवर मध्ये एकही खांब येत नाही आणि अगदी मागे बसलेल्यालाही सूर स्वच्छ ऐकू येतात. मला पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नव्हतं. घरी सतार शिकलेली सासू होती. पहिल्या वर्षी त्या इथे आल्या तेव्हा चादर अंथरून, पोळीभाजीचे डबे उघडून आम्ही बसलो. रचनेचा दुसरा, संथ भाग सुरू झाला आणि त्यांनी घास तसाच हातात ठेवला. नंतर म्हणाल्या, "आलापासारखं आहे गं हे, घाई नाही कशाची." तेव्हापासून मीही तसंच ऐकते. मुलं मागे गवतात लोळत असतात, कुणी ओरडत नाही, कुणी रागावत नाही. सकाळी तालमी असतात, त्याही ऐकायला मिळतात. लहान मुलं असतील त्यांनी तालमीपासूनच सुरुवात करावी.

* * *

मी माँट्रोज पॉइंटबद्दल लिहितो. ही जागा तळ्यात भर घालून तयार केलेली आणि पाण्यात पुढे सरकलेली, त्यामुळे काठाकाठाने स्थलांतर करणारे थकलेले पक्षी इथे उतरतात. 300 हून अधिक जातींची नोंद झाली आहे. शीतयुद्धाच्या काळात इथे लष्कराचा तळ होता. तो झाकायला लावलेली झुडपं लष्कर गेल्यावर वाढत राहिली आणि पक्ष्यांचं घर झाली. त्या झुडपांनाच मॅजिक हेज म्हणतात. वॉर्बलर, म्हणजे चिमुकले गाणारे पक्षी, बघायचे तर मेचा पहिला पंधरवडा गाठावा. जूनपासून पुढे मात्र वाळूचा भाग मला जास्त आवडतो.

2019 मध्ये पायपिंग प्लोव्हरच्या एका जोडीने याच बीचवर घरटं केलं. आपल्याकडच्या चिखल्याचा भाऊबंद, मूठभर, वाळूच्याच रंगाचा. ग्रेट लेक्समधली त्यांची संख्या इतकी घटली आहे की कायद्याने तो संकटग्रस्त ठरवला आहे, आणि शिकागोत कित्येक दशकांत त्यांनी पिल्लं काढली नव्हती. लोकांनी जोडीला माँटी आणि रोझ अशी नावं दिली. त्या ऑगस्टमध्ये तिथे होणारा मोठा संगीत महोत्सव रद्द करावा लागला. स्वयंसेवक उन्हातान्हात उभे राहून कुत्री, चेंडू आणि सीगल यांच्यापासून घरट्यावर पहारा द्यायचे. मी त्यांच्यातल्या एका आजोबांच्या दुर्बिणीतून पिल्लू पाहिलं, काडीसारख्या पायांवर धावणारं. ती जोडी आता नाही, पण त्यांचा एक मुलगा याच काठावर परत आला. इथे आलात तर पक्ष्यांसाठी राखलेल्या जागेभोवतीच्या दोरीच्या आत जाऊ नका आणि कुत्र्याला त्याच्यासाठी राखलेल्या बीचवरच सोडा, एवढी कळकळीची विनंती.

* * *

सगळे तळ्याबद्दल लिहीत आहेत, म्हणून मी नदीची बाजू घेतो. पेशाने जलवाहिन्यांचा इंजिनिअर आहे, त्यामुळे माझं प्रेम थोडं वेगळं. ही नदी पूर्वी तळ्यात वाहायची आणि शहराची सगळी घाण पिण्याच्या पाण्यात जायची. 1900 साली कालवा खोदून तिचा प्रवाहच उलटा फिरवला. ऑफिस सुटल्यावर रिव्हरवॉकने, म्हणजे नदीकाठच्या पायवाटेने, लेक स्ट्रीटपासून तळ्याच्या दिशेने निघालं, की आपण पाण्याच्या विरुद्ध चाललो आहोत हे मला दर वेळी जाणवतं आणि बरं वाटतं. एकामागून एक पुलांखालून जाताना वरच्या गाड्यांचा खडखडाट, शेजारी पायऱ्यांवर चपला काढून बसलेली माणसं. उचलले जाणारे पूल बघायचे तर वसंतात, शिडाच्या बोटी तळ्यात निघतात तेव्हा यावं. पाहुणे आले की मी आधी वास्तुरचनेची बोटफेरी करवतो. इमारती पाण्यातून वर बघितल्या की शहर समजतं.

* * *

आम्ही दोघं निवृत्त. आमचा कार्यक्रम समरडान्स. उघड्यावर आधी तासभर शिकवतात, मग वादक येतात आणि सगळे नाचतात, तेही विनामूल्य. साल्सा, वॉल्ट्झ, दर वेळी निराळं. लग्नात हळदीलाही न नाचलेले आमचे हे आता मला पावलं सांगतात. कुणी वय विचारत नाही. या एकदा.

* * *

प्रश्न आहे. ऑगस्टमध्ये आई-बाबा येत आहेत. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. एका दिवसात काय दाखवू?

* * *

@ वरचा प्रश्न : बुधवार निवडा. दुपारी आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयापासून सुरुवात करा. 11 सप्टेंबर 1893 ला सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले ते याच इमारतीत. बाहेर रस्त्यावर त्यांच्या नावाची पाटीही आहे, माझे बाबा तिच्याखाली बराच वेळ उभे होते. आत व्हीलचेअर मिळते, ती संकोच न करता घ्यायला लावा. तिथून मिलेनियम पार्क अगदी शेजारी, अनिश कपूरचं 'बीन' आणि हिरवळ. ऊन उतरल्यावर टॅक्सीने बकिंगहॅम कारंज्यापाशी जा. 1927 चं आहे, दर तासाला वीस मिनिटं मधली धार उंच चढते आणि अंधार पडल्यावर रंगीत दिवे लागतात. तिथे बसायला बाक आहेत. उन्हाळ्यात बुधवारी आणि शनिवारी रात्री नेव्ही पियर या तळ्यात गेलेल्या धक्क्यावर आतषबाजी असते, ती तिथून दिसते, म्हणजे गर्दीत शिरायला नको. दुसऱ्या दिवशी जमलं तर ॲडलर प्लॅनेटेरियमसमोरचा गवताळ उतार. सगळं शहर पाण्यापलीकडे एका नजरेत मावतं आणि आईला एक पाऊलही जास्त टाकावं लागणार नाही. पार्किंगच्या भानगडीत पडू नका, 146 नंबरची बस म्युझियम कॅम्पसला, म्हणजे प्लॅनेटेरियमच्या परिसरात, जाते.