‘ॲग्रो’, ‘ग्राइंड’ आणि ‘लूट’: नव्या खेळाडूला मराठीत कसं सांगायचं?

मूळ प्रश्न

भाचा अकरावीत आहे. सुट्टी लागल्यापासून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ खेळतोय, तेही ‘क्लासिक’, म्हणजे २००४ साली निघालेल्या खेळाचं २०१९ मध्ये पुन्हा आणलेलं जुनं रूप. मी त्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून रोज रात्री फोनवर शिकवणी चालते. परवा त्याला म्हटलं, “तळ्याकाठी मर्लॉक (माशासारखे राक्षस) आहेत, जपून जा, ॲग्रो येईल.” तर तो म्हणाला, “मावशी, ॲग्रो म्हणजे शेतीचं ना?”

त्याचं काय चुकलं? आपल्याकडे ॲग्रो दिसतं ते बी-बियाणांच्या दुकानाच्या पाटीवरच. ग्राइंड आणि लूट या शब्दांशीही तो असाच अडखळतो. शब्द डोक्यात बसला की चाल आपोआप सुचते, असा माझा अनुभव आहे. या तिघांना मराठीत काय म्हणाल?

प्रतिसाद

‘ॲग्रो’ला एकच मराठी शब्द शोधू नका, कारण त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत.

पहिली गोष्ट लढाईच्या आधीची. तुम्ही नुसते जवळून गेलात तरी प्राणी धावून येतो. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, चाहूल. त्याला तुमची चाहूल लागली. तुमची पातळी त्याच्यापेक्षा जितकी खाली, तितकी चाहूल लांबून लागते. तिसऱ्या पातळीवरच्या पोराने दहाव्या पातळीच्या कळपाजवळून जायचं का, याचं उत्तर त्यातच आलं.

दुसरी लढाई जुंपल्यानंतरची. पाच जणांच्या गटात एक टँक (मार झेलणारा), एक हीलर (जखमा भरणारा) आणि तिघे मारणारे. राक्षस कुणावर धावतो? ज्याचा त्याला सगळ्यात जास्त रोष आहे त्याच्यावर. ‘रोष ओढवून घेणे’ आपण रोज म्हणतोच. टँकचं कामच ते: मुद्दाम रोष ओढवून घ्यायचा आणि मार खायचा. मारल्याने रोष वाढतो, तसा दुसऱ्याची जखम भरल्यानेही वाढतो. नव्या हीलरला हे कुणी सांगत नाही आणि बिचारा पहिला मरतो.

याचं गणितही पक्कं आहे. जवळून मारणाऱ्याचा रोष टँकच्या ११० टक्क्यांवर गेला, की राक्षस त्याच्याकडे वळतो. लांबून मारणाऱ्याला ही सवलत १३० टक्क्यांपर्यंत आहे. म्हणून टँकला आधी दोन-चार घाव घालू द्यायचे, मग आपण हात उचलायचा. ‘राग’ शब्द इथे वापरू नका. योद्ध्याच्या अंगात साठतो तो ‘रेज’, राग त्याच्यासाठी राखून ठेवा.

दुसरा प्रतिसाद

ग्राइंड म्हणजे दळण. इतका चपखल शब्द इंग्रजीतून उचलावासा का वाटतो कळत नाही. तेच लांडगे, तेच कोबोल्ड, पुन्हा पुन्हा. साठाव्या पातळीपर्यंत पुष्कळ दळावं लागतं. ‘लांडग्यांचं दळण चाललंय’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कंटाळाही कळतो आणि पीठ पडतंय हेही कळतं.

याच ओघात विसावाही सांगा. खेळ बंद करताना रानात उभं राहायचं नाही, शहरात किंवा सराईत जाऊन मग बाहेर पडायचं. तिथे विसावलेल्या पात्राला पुढच्या वेळी प्रत्येक शिकारीमागे दुप्पट अनुभव मिळतो. आठ तासांच्या मुक्कामाला पातळीचा ५ टक्के भाग या हिशेबाने विसावा साठतो, जास्तीत जास्त दीड पातळीपर्यंत. शाळा-कॉलेज सांभाळून खेळणाऱ्याला याच्याइतकी उपयोगी सूचना दुसरी नाही.

मूळ प्रश्नकर्ती

चाहूल, रोष, दळण, विसावा: चारही वहीत उतरवले. लुटीबद्दल मीच थोडं लिहिते, कारण तिथे त्याला लागलं.

गंमत म्हणजे ‘लूट’ इंग्रजीत गेला तो हिंदीतूनच. पण परत येताना अर्थ बदलून आला. आपल्या कानाला लूट म्हणजे जो आधी पोचेल त्याची. भाचा पहिल्यांदा ‘डेडमाइन्स’मध्ये, म्हणजे गटाने जायच्या खाणीत गेला आणि मिळालेल्या प्रत्येक वस्तूवर ‘नीड’ (मला गरज आहे) हे बटण दाबत सुटला. तो जादूगार, जादूगाराला चिलखत घालता येत नाही, तरी चिलखतावरही दाबलं. गटाने त्याला काढून टाकलं. रात्री फोनवर आवाज पार बसला होता. त्याला कुणाचं हिसकावायचं नव्हतं, लूट म्हणजे लूट असंच त्याला वाटलं.

म्हणून गटात मी वाटप म्हणते. आणि ‘नीड’, ‘ग्रीड’, ‘पास’ या तीन बटणांना शब्दशः गरज, हाव, सोडा म्हणत नाही. ‘ग्रीड’मध्ये इथे वाईट काहीच नाही, त्याला हाव म्हटलं तर पोर बटण दाबायलाच लाजेल. मी सांगितलं, हवंच, चालेल, नको. वस्तू आत्ता अंगावर चढवणार असशील तरच ‘हवंच’. विकायला बरी वाटली तर ‘चालेल’. एकाने जरी ‘हवंच’ म्हटलं तरी ‘चालेल’वाल्यांचा हक्क संपतो, आणि दोघांनी म्हटलं तर १ ते १०० मधला ज्याचा आकडा मोठा त्याला मिळतं. हे त्याला एका दमात कळलं.

आता ‘पुल’ उरला. कळपातल्या एकाला लांबून बाण मारून आपल्याकडे आणायचं, बाकीच्यांना चाहूल लागू न देता. ‘ओढणे’ मला पटत नाही.

प्रतिसाद

‘खडा टाकणे’ घ्या. लांबून टाकायचा आणि कोण येतंय ते बघायचं. मर्लॉकच्या बाबतीत मात्र पोराला बजावून ठेवा: तो मरायला टेकला की पळत सुटतो आणि येताना चार भाऊबंद घेऊन येतो. खडा तळ्यापासून लांब उभं राहूनच टाकायचा.